उतारा

नियम सोपे आहेत:
जे ऐकू येईल तेच लिहायचं.
तीन सेकंदांहून जास्त कुणी गप्प राहिलं
तर कंसात (विराम).
माणसांची, गावांची, दवाखान्यांची नावं
काढून टाकायची.
मिनिटामागे नव्वद पेन्स.
याला उतारा म्हणतात.
विंचू चावल्यावर देतात त्यालाही.

सहभागी क्रमांक चौदा. वय चौऱ्याहत्तर.
मुलाखत मराठीतून, कारण ती म्हणाली,
इंग्रजीत मी नेहमी नर्सच असते.
मिरज सोडली त्या साली तिचं मराठी थांबलेलं
(मिरज खोडायचं. [गाव] लिहायचं),
अजून इस्पितळ म्हणते, इश्श म्हणते.
मागे किटली उकळतेय, दोन शब्द त्यात बुडाले.

ऋता प्रश्नावली वाचते:
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
उदास, निराश, हताश वाटलं?
एकही दिवस नाही. काही दिवस.
निम्म्याहून जास्त. जवळजवळ रोज.
‘अगं, दोन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस,’
चौदा नंबर म्हणते,
आणि बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज.

ती विणमागावरची. कानठळ्या बसवणाऱ्या शेडमध्ये
पंधराव्या वर्षापासून.
तिथल्या बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या,
चाळीस फुटांवरून चहाडी पोचायची.
मलाही शिकवलं तिनं.
वॉर्डाच्या काचेपलीकडून विचारायची, बटाटे आणू का?
बसमध्ये, चर्चमध्ये, तिच्या भावाकडे जेवताना
सगळ्यांदेखत बोलायचो आम्ही
जे बोलायचं ते.

म्हणजे कसं, ऋता विचारते.
(विराम)
अकरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले.
शेवटी ऋतानं नाक ओढलं.
त्या अकरा सेकंदांत ती जे बोलली
त्यासाठी नियम नाही.

गॅसच्या बिलावर भाडेकरू.
इस्पितळाच्या फॉर्मवर शेजारीण.
मयताला तिसऱ्या रांगेत,
नंतर भावजयीनं हातात दिलेली
सँडविचची थाळी फिरवत.
झोपेच्या गोळ्या लिहिताना डॉक्टरांनी विचारलं,
घरचं कुणी गेलंय का इतक्यात?
मी म्हटलं, मैत्रीण.
ते म्हणाले, ओह. आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

एक तास बारा मिनिटांवर ती हसते.
किती लग्नांत किती पोरींना
आग्रह करकरून नाव घ्यायला लावलं गं मी.
मला कुणी म्हटलंच नाही, घे.
ऋता म्हणते, घ्या.
खुर्ची सरकते. घसा खाकरणं.

बशीत ओतला चहा, फुंकर घातली जपून,
डॉरीनचं नाव घेते, आजवर घेतलं लपून.

मी टाइप केलं:
[जोडीदार]चं नाव घेते.
पुसलं.
[व्यक्ती ब]चं नाव घेते.
मग उठून भांडी घासली, कालचीसुद्धा.

ऋताला कळवलं, नावाशिवाय उखाणा होत नाही.
तिनं समितीला विचारलं. समिती सहृदय आहे:
सहभागीने आवडेल ते टोपणनाव निवडावं.
चौदा नंबरचा निरोप आला,
दुसरं नाव नको. ते आम्ही करून पाहिलंय.

फाइल अजून उघडीच आहे.
काल पॅडिहमच्या बसमध्ये
खिडकीकडे तोंड करून
मी ते नाव नुसत्या ओठांनी घेऊन पाहिलं,
जमतंय का म्हणून.
बाहेर अंधार, काच आरशासारखी.
मागच्या सीटवर एक म्हातारी,
मांडीवर कोबी असलेली पिशवी,
काचेतल्या माझ्याकडे बघत होती.
तिच्या भुवया वर गेल्या.
ओठ हलले, आवाज नाही:
कुठली डॉरीन?